शिवेबाहेरची बाटली

ज्यांना यवतमाळकडे जायचं आहे त्यांनी खुशाल जावं. पळस फुललेला असताना जावं, म्हणजे उन्हाचा चटका बसण्याआधी डोळ्यांचं समाधान तरी होतं. फक्त पिशवीत स्कॉचची बाटली घेऊन एसटीने जाऊ नये, एवढंच माझं सांगणं आहे. मी गेले, आणि त्या प्रवासात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही हात टेकले.

मी निवृत्त परिचारिका. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलं. आमच्या घरात कोणी कधी दारूला शिवलं नाही. रोज सकाळी वंदना होते, पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं आहे. अशा घरातल्या एकुलत्या एक लेकीने रसायनशास्त्र शिकून नोकरी कुठे धरावी, तर स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या कारखान्यात! पिंपांच्या गोदामात आमची प्रज्ञा तपासणीचं काम करते. नातेवाइकांत मी 'फूड कंपनीत आहे' म्हणून वेळ मारून नेते.

तिथेच तिला अविनाश राठोड भेटला. मुलगा इंजिनिअर, फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. वडील रामधन राठोड हे त्या तांड्याचे नायक, म्हणजे तांड्यात ज्यांचा शब्द शेवटचा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. अविनाशने घरी मुलीची जात सांगितली, धर्म सांगितला, शिक्षण सांगितलं. कारखाना कशाचा आहे तेवढं मात्र गाळलं. आईला दारूचा फार राग आहे म्हणे. प्रज्ञा यावर अडून बसली. "आई, लपवून लग्न नको. तुम्ही दोघं तांड्यावर जा आणि मी काय करते ते त्यांना सरळ सांगा. नाही म्हणाले तर बघू पुढे." बघू म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. त्या एका 'बघू'ने माझी झोप उडवली.

बाटली तशी आमच्यासाठी आली होती. प्रज्ञाची मैत्रीण सुट्टीवर नागपूरला आली, तिच्या हातून. प्रज्ञाने स्वतः तपासलेल्या पिंपांतली ती पहिलीच. एकाच कारखान्याची, नुसत्या जवाची, बारा वर्षं लाकडात मुरलेली. त्यातली शेवटची दोन वर्षं रेड वाइन रिकामी केलेल्या पिंपात. "पिऊ नका," ती फोनवर म्हणाली, "वास घ्या, फार तर तोंडात फिरवून थुंका. आम्हीही तेच करतो. पण एकदा बघा तरी, तुमची मुलगी काय करते ते."

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच गणितं. बंजारा नायक, मोहाच्या दारूच्या मुलखातला माणूस. आईला राग असेल, पण बापापुढे परदेशी बाटली ठेवली की अर्धं काम झालं. आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, पोस्टातून निवृत्त झालेले आणि जन्मजात सावध. म्हणाले, "अविनाशला विचारून तर घे." मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? जन्मभर वॉर्डात माणसंच पाहिली ना मी?"

नागपूर ते यवतमाळ

नागपूरहून यवतमाळला जाणारी गाडी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत. पण माहीत असणं वेगळं आणि पायाशी बाटली ठेवून त्या जिल्ह्यात शिरणं वेगळं. बाटली टॉवेलात गुंडाळून मी स्टीलच्या उंच डब्यात उभी केली होती आणि वरून चिवडा भरला होता. खड्डा आला की डबा वाजे, आणि डबा वाजला की मी तो पायांत आणखी घट्ट दाबी. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

सेलूच्या अलीकडे गाडी थांबली आणि एक पोलीस चढला. सीटखाली वाकून बघत, काठीने पोती टोचत तो पुढे आला. एका पोत्यातून कोंबडी ओरडली तसे सगळे हसले. मला हसायला येईना. तो आमच्यापाशी थांबला.

"मावशी, डब्यात काय?"

"चिवडा," मी म्हटलं.

"वास तं मस्त येऊन राहिला."

कसला वास येऊन राहिला, ते विचारायची माझी हिंमत नव्हती. मी झाकण काढून डबा पुढे केला. त्याने चांगली मूठभर घेतली, तोंडात टाकली आणि "घरचा हाय" म्हणत खाली उतरला. गाडी हलल्यावर हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आणखी एक मूठ घेतली असती तर बूच दिसलं असतं." मी गोळी काढून जिभेवर ठेवली.

वर्ध्याच्या स्टँडवर ह्यांनी उतरून गोरसपाक बिस्किटं घेतली, व्याह्यांकडे न्यायला. मी जागची हलले नाही. देवळी गेलं, पुढे वर्धा नदीचा पूल आला. पाणी कमी होतं, वाळूत म्हशी बसल्या होत्या. पूल संपला तसा यवतमाळ जिल्हा सुरू झाला आणि कायद्याची भीती मागे राहिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस असा फुलला होता की गाडीतली बोलणारी माणसंही गप्प झाली. साग उघडा पडलेला, शेतांत कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाळत उभ्या, आणि मधेच हा केशरी रंग. पाच मिनिटं मी बाटली विसरले. मग पुढची काळजी येऊन बसली. माझ्याकडे काळज्यांना रांग लावायची सवयच आहे.

यवतमाळला स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. संध्याकाळी समोरच्या खानावळीत पाटोडीचा रस्सा खाल्ला. वाढणाऱ्याने आधीच बजावलं, "तिखट लागन ताई." नागपूरच्या माणसाला तिखटाचं कोणी सांगावं, असं वाटून मी दुसऱ्यांदा तर्री मागितली आणि नंतर तांब्याभर पाणी प्यायले. आमच्याकडे तिखट जिभेवर बसतं, इथे ते कानांपर्यंत जातं. खोलीवर आल्यावर मी डबा पलंगाखाली ठेवला, मग कपाटात ठेवला, मग पुन्हा पलंगाखाली. हे म्हणाले, "आता तिला मधे घेऊन झोप."

तांडा

आर्णी, महागाव करत दुसऱ्या दिवशी फुलसावंगीला उतरलो. नायक स्वतः ऑटो घेऊन उभे होते. उंच, सडपातळ माणूस, पांढरा सदरा, डोक्याला गमछा. "जय भीम" म्हणाले आणि वर "रामराम" म्हणाले, दोन्ही. मला ते फार बरं वाटलं. ऑटोत मी डबा मांडीवर घेतला आणि मनाशी वाक्यं जुळवायला लागले. 'नायकसाहेब, तुमच्यासाठी खास लेकीने पाठवली आहे.' बाटली आधी काढायची की आधी वाक्य बोलायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

तांड्याच्या तोंडाशी एक निळी पाटी होती. *या तांड्याच्या शिवेत दारू काढणे, आणणे, विकणे, पिणे बंद आहे. आणणाऱ्यास दंड होईल. महिला मंडळ.*

मी ती दोनदा वाचली. ह्यांनीही वाचली आणि माझ्याकडे न बघता बाहेर बघितलं.

"हे आमच्या बाईनं केलं," नायक अभिमानाने सांगत होते. "साऱ्या बाया गोया केल्या, भट्ट्या फोडल्या. मले म्हने, आधी तुमी सोडा, मंग पाटी लावू. सोडली मी."

ऑटो पाटी ओलांडून आत गेला. मांडीवरचा डबा एकदम मणभर झाला. आता दंड कोण लावणार, तर नायक. दंड कोणाला, तर त्यांच्या होणाऱ्या विहिणीला!

घर चांगलं पक्कं, समोर लिंपलेलं अंगण. आरशांचा घागरा आणि हातभर बांगड्या असलेली बाई मी उगाचच डोळ्यांनी शोधत होते. साधी सुती साडी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या धानीबाई, अविनाशची आई, पुढे आल्या. "आव, बेस," म्हणाल्या, आणि आम्हाला कळलं नसेल असं वाटून, "या, बसा." पाणी आलं. आमच्या पिढीच्या माणसाची नजर अशा वेळी पेल्याकडे जातेच, माझीही गेली. ज्या तांब्यातून आम्हाला ओतलं त्यातूनच त्यांनी स्वतःला ओतून घेतलं आणि आमच्यासमोर बसून प्यायल्या. एक काळजी गेली.

जेवण साधं आणि जबरदस्त होतं. ज्वारीची बाटी म्हणजे जाड भाकरी, मटणाचा रस्सा, ठेचा आणि शेवटी गुळाची लापसी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह बोलून करतात, इथे न बोलता ताटात पडत राहतं. मी जेवले, पण डबा पायांच्या मधे धरून. दोनदा धानीबाई तो आत नेऊन ठेवायला आल्या, दोनदा मी "राहू द्या" म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी डब्याची कडीच धरली. मी दुसरी बाजू सोडेना. क्षणभर दोन विहिणी एका डब्याला धरून उभ्या.

"काहून हो बाई," त्या हसत म्हणाल्या, "सोनं हाये का याच्यात?"

रागाची, दंडाची, सगळ्याची तयारी मी केली होती. हसण्याची केली नव्हती.

"दारू आहे," मी म्हणाले.

ह्यांचा घास हातात राहिला. धानीबाईंनी कडी सोडली, डबा तापलेला असावा तशी. आणि माझ्या तोंडाला जी धार लागली ती लागलीच: प्रज्ञा कुठे काम करते, काय करते, अविनाश सांगायला का घाबरला, ती लपवून लग्न का करत नाही, आणि ही बाटली इथे आणायला तिने सांगितलं नव्हतं, हे माझं स्वतःचं डोकं. बोलून झाल्यावर मला रडू आलं. ठरलेलं लग्न मी एका डब्यात घालून आणून मोडलं, असं मला त्या वेळी अगदी खरंच वाटलं.

नायक उठले, हात धुतले.

"आधी ते शिवेबाहेर न्या," ते म्हणाले. "मंग बोलू. तांड्यात बसून त्याच्यावर बोलताच येत नाही मले."

शीव

असे आम्ही चौघं भर दुपारी तांड्यातून बाहेर निघालो. पुढे नायक, मागे डबा घेतलेली मी, मग हे, आणि सगळ्यांत मागे धानीबाई. ओट्यांवरच्या बायका बघत होत्या. एकीने काहीतरी विचारलं, धानीबाईंनी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत उत्तर दिलं. ते मला कळलं नाही आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

वाटेत नायक हळू आवाजात आम्हा दोघांना म्हणाले, "आमाले दोन पोरं व्हते. मोठा किसन. अविनाशनं काय सांगतलं तुमाले?"

"आजारी पडून गेले, एवढंच," हे म्हणाले.

"हातभट्टीची दारू पेला व्हता. कोनं काय टाकलं व्हतं त्यात, देव जाने. आधी डोये गेले त्याचे, मंग तो गेला. आईले हाक मारे, अन् आई समोरच बसेल व्हती."

मी दवाखान्यात असे रुग्ण पाहिले होते. आधी डोळे जातात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या घरात मी चिवड्याखाली लपवून हे आणलं होतं.

शिवेवर, पाटीच्या बाहेरच्या अंगाला, मोहाचं झाड होतं. खाली फुलं पडायला नुकती लागली होती, गोड, जरा आंबूस वास सुटला होता. आम्ही सावलीत बसलो. मी बाटली काढून मधे ठेवली. तिच्यावर चिवड्याचे दोन पोहे चिकटले होते ते पुसले. ऊन लागलं तसा आतला रंग दिसला, कोऱ्या चहाचा, पण तळाशी लालसर.

"पोरीले फोन लावा," धानीबाई म्हणाल्या. घरातून निघाल्यापासून आमच्याशी त्यांचा हा पहिला शब्द.

फोन लागला. प्रज्ञाचा चेहरा दिसला, पांढऱ्या कोटात. "याडी, मी प्रज्ञा," ती म्हणाली. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, हे तिला अविनाशने शिकवलं असणार. मी दोन वाक्यांत इथे काय झालं ते सांगितलं. ती पांढरी पडली, पण फोन ठेवला नाही.

"तू दारू बनवतं?" धानीबाईंनी विचारलं.

"मी तपासते, याडी. पिंपातून नमुना काढते, वास घेते, यंत्रावर लावते."

"कायले?"

"त्यात विषारी काही आलं नाही ना, ते बघायला. पिंप बिघडलं नाही ना, ते बघायला."

"अन् बिघडेल निंगालं त?"

"मग ते पिंप बाहेर जात नाही."

"मालक म्हने जाऊ दे, त?"

"तरी नाही, याडी. मी हो म्हटल्याशिवाय कोणी हलवू शकत नाही."

धानीबाई फोनकडे बघत राहिल्या. चष्म्यावर उन्हाचा तुकडा पडला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"तुह्या हातची पिऊन कोनी मरत नाही, असं सांगतं मले?"

मी मनात म्हटलं, हो म्हण गं बाई, हो म्हण.

"रोज पिऊन माणूस खराब होतो, याडी. ते मला थांबवता येत नाही. पण माझ्या हातून विष बाहेर जात नाही. तुमच्या घरात एक थेंब येणार नाही, हा माझा शब्द. काम मात्र मी सोडणार नाही."

गेलं, मी म्हटलं. संपलं. ह्यांनी माझा हात धरला, आणि चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

मग धानीबाई म्हणाल्या, "खोला. पाहू द्या, काय तपासतं ते."

पेला नव्हता, आणि घरचं भांडं त्या देणार नव्हत्या. माझ्या पर्समध्ये ह्यांच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण होतं. ते पाण्याने धुतलं आणि त्यात ओतलं. "पेनं नाही," नायकांनी बायकोकडे बघत जाहीर केलं, "थुंकायचं हाये." "थुंका," त्या म्हणाल्या.

प्रज्ञा फोनवरून सांगत होती. नाक एकदम आत घालू नका. तोंड जरा उघडं ठेवा. दोन थेंब पाणी घाला, मग पुन्हा वास घ्या. आधी नायक. त्यांनी वास घेतला, तोंडात फिरवली आणि लांब पिचकारी मारली. "मोहाची सुकेल फुलं," म्हणाले, "अन् कोन्या तरी जुन्या पेटीचं लाकूड." मग हे. ह्यांनी इतका वेळ डोळे मिटले की मला वाटलं, वंदनाच म्हणतात की काय. थुंकून म्हणाले, "बोरकूट. शाळेबाहेर मिळायचं ते." झाकण एकच होतं, एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, आणि कोणी ते पुसलंसुद्धा नाही.

मग माझी पाळी आली. पहिला वास इंजेक्शनच्या आधी कापसावर घेतात त्या स्पिरिटचा, सगळी नोकरी एका क्षणात नाकात आली. पाणी घातल्यावर तो मागे हटला आणि मनुका आल्या, काकवी आली, मग बंद कपाट उघडल्यासारखं काहीतरी. बारा वर्षं कोणीतरी घाई केली नव्हती, एवढं मला कळलं. तोंडात धरलं तर जीभ पेटली, आणि मागून तुरट गोडवा, जांभूळ खाल्ल्यावर राहतो तसा. मी गाल फुगवून थुंकायला जागा बघत होते.

तेवढ्यात धानीबाईंनी माझ्या हातातलं झाकण घेतलं. बाटली उचलून ते काठोकाठ भरलं. नाकाशी नेलं, क्षणभर धरलं. मग उठून झाडाच्या बुंध्याशी गेल्या आणि खाली बसल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. झाकण जमिनीवर सावकाश रिकामं केलं.

"घे किसन," त्या म्हणाल्या. "हे तपासेल हाये."

नायकांनी गमछा तोंडाला लावला. फोनमध्ये प्रज्ञा रडत होती. आणि माझं थुंकायचं राहून गेलं. घशातून पोटापर्यंत एक जळती रेघ गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं, हे मी तेव्हाही सांगू शकले नसते.

धानीबाई परत आल्या, फोन हातात घेतला. "सगाईचा गूळ फोडायले कवा येतं?" त्यांनी विचारलं. "रडू नको. अविनाशले म्हन, आईले भ्यायचं नाही. अन् बाकीचं सांडून टाकतो आमी. चालन?"

"टाका, याडी," प्रज्ञा म्हणाली. बारा वर्षं मुरलेली ती दारू नायकांनी मोहाच्या मुळांना घातली आणि रिकामी बाटली तिथेच खोल पुरली.

परत

यवतमाळच्या लॉजवर सकाळी आम्ही वंदनेला बसलो. पाचव्या शीलाला माझा आवाज अडखळला. उठल्यावर ह्यांनी विचारलं, "तू थुंकली होतीस ना गं?" चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पाचवं गेलंच होतं, म्हणून चौथं तरी राखलं आणि खरं सांगितलं. हे इतके हसले की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंत ठोकली.

गाडी पूल ओलांडून वर्धा जिल्ह्यात शिरली तशी सवयीने माझी पकड डब्यावर घट्ट झाली. आत धानीबाईंनी दिलेली गुळाची ढेप होती, दुसरं काही नाही. सेलूपाशी पोलीस चढला. परवाचाच की दुसरा, आठवत नाही. सीटखाली वाकून बघत, पोती टोचत तो आमच्यापर्यंत आला.

"मावशी, डब्यात काय?"

"गूळ. मुलीचं लग्न ठरलं."

"वा," म्हणून तो पुढे निघाला. मी त्याला थांबवलं, झाकण काढलं आणि डबा त्याच्यासमोर धरला.

"तपासा दादा," मी म्हणाले. "नीट तपासा."